सेन्सरवाली कॅप्सूल गिळून पोट नेमकं कुठं अडतंय ते कळतं का?

गडहिंग्लजच्या एका दादांचा प्रश्न आहे, थोडक्यात असा. आईंचं वय ५८, शुगर बऱ्याच वर्षांची. दोन घास खाल्ले की पोट गच्च, दिवसभर ढेकरा, आणि संडासला चार दिवसांतनं एकदा, ते पण कुंथून कुंथून. एंडोस्कोपी नॉर्मल, कोलोनोस्कोपी नॉर्मल, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर सोडून काही नाही. आता पुण्याच्या एका पाहुण्यांनी सांगितलंय की एक वायरलेस कॅप्सूल असते, ती गिळली की तोंडापासनं शेवटापर्यंत सगळं मोजते, ती करून घ्या. तर ती करावी का, कोल्हापुरात होते का, आणि त्यातनं नक्की काय कळतं?

मी इथं कोल्हापुरात पोटविकाराची प्रॅक्टिस करतो आणि पोटाची हालचाल, म्हणजे ज्याला आम्ही मोटिलिटी म्हणतो, तो माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळं उत्तर जरा लांबणार. सरळ सांगायचं तर दादा, आत्ता त्या कॅप्सूलच्या मागं लागू नका. कॅप्सूलमध्ये खोट आहे असं नाही, पोटाची हालचाल मोजायला आजवर जी साधनं निघाली त्यातलं मला सगळ्यात आवडतं साधन तेच आहे. पण आईंच्या बाबतीत तिच्याआधी बघायच्या दोन-तीन गोष्टी राहून गेल्यात आणि त्यातली एक तर दहा मिनिटांत होते.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडं मोठ्या हॉस्पिटलांत जी 'कॅप्सूल एंडोस्कोपी' मिळते ती वेगळी आणि पाहुणे म्हणतात ती वेगळी. कॅप्सूल एंडोस्कोपी म्हणजे कॅमेरा. गॅव्रिएल इडान नावाच्या इस्रायली इंजिनिअरच्या डोक्यातनं ती निघाली, २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, आणि ती लहान आतड्याचे हजारो फोटो काढते. रक्त कुठनं जातंय सापडत नाही, क्रोन्सचा, म्हणजे आतड्याला सूज आणि जखमा होणाऱ्या जुनाट आजाराचा संशय आहे, अशा वेळी तिला तोड नाही. पण फोटोत आतड्याची कातडी दिसते, आतडं किती जोरानं आणि किती वेगानं काम करतंय ते दिसत नाही. आईंना एंडोस्कोपी-कोलोनोस्कोपीत काही दिसलंच नाही, मग अजून फोटो काढून काय करणार? शिवाय शुगरमुळं जठर मंद असेल तर कॅमेरावाली कॅप्सूल जठरातच तासन् तास लोळत पडते आणि लहान आतडं पूर्ण बघायच्या आत बॅटरी संपते, असं बऱ्याच पेशंटच्या बाबतीत होतं. त्यामुळं कुणी 'कॅप्सूल करून टाकू' म्हटलं तर पहिलं विचारा, कॅमेऱ्याची का सेन्सरची.

आता सेन्सरवाली. वायरलेस मोटिलिटी कॅप्सूल म्हणतात, आणि जगभर जी वापरली गेली तिचं ब्रँडचं नाव स्मार्टपिल. कल्पना तशी जुनी आहे, १९५७ मध्येच मॅके आणि जेकबसन या दोघांनी गिळायचा रेडिओ ट्रान्समीटर तयार करून 'नेचर'मध्ये छापला होता, म्हणजे आपल्याकडं घरोघरी रेडिओ पण नव्हते तेव्हा. मग जर्मनीत हायडेलबर्गची कॅप्सूल आली, ती जठरातलं ॲसिड मोजायची. १९९८ मध्ये जॉन ग्लेन ७७ व्या वर्षी परत अंतराळात गेले तेव्हा त्यांनी पण टेंपरेचर मोजणारी गोळी गिळली होती. स्मार्टपिलला अमेरिकेत २००६ मध्ये जठरासाठी मंजुरी मिळाली आणि २००९ मध्ये मोठ्या आतड्यासाठी. लांबी साधारण २७ मिलिमीटर, जाडी १२-१३, आत पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका खाली तितकं ॲसिड जास्त), दाब आणि टेंपरेचर असे तीन सेन्सर, पाच दिवस चालणारी बॅटरी, आणि कमरेला लावायचा एक रिसीव्हर. बास. पेशंट घरी जातो, आपली कामं करतो, जेवला, झोपला, संडासला गेला की रिसीव्हरचं बटण दाबतो आणि वहीत लिहितो.

ग्राफ कसा वाचतात ते सांगतो, कारण सगळी कमाल तिथं आहे आणि हे एकदा कळलं की कुठलीही पोटाची टेस्ट डॉक्टर का सांगतायत ते तुम्हाला समजेल. गिळल्याबरोबर टेंपरेचरची रेघ खोलीच्या तापमानावरनं ३७ वर जाते. पीएच सुरुवातीला जरा वर असतो कारण जठरात नुकतंच खाल्लेलं असतं, मग ॲसिड सुटतं तसा खाली उतरत एक-दोनवर येतो आणि तिथं काही तास रेघ खालीच चालते, मधनंमधनं दाबाचे छोटे काटे. आणि मग एका क्षणी ती रेघ एकदम उभी चढते, एक-दोनवरनं सहाच्या वर. कॅप्सूल जठराच्या दारातनं लहान आतड्यात पडली. गिळल्यापासनं इथंपर्यंतचा वेळ म्हणजे जठर रिकामं व्हायचा वेळ, पाच तासांच्या आत असेल तर नॉर्मल धरतात. पुढं लहान आतड्यात पीएच हळूहळू साडेसात-आठपर्यंत चढत जातो आणि परत एकदा धप्पकन् एखाद्या अंकानं तरी खाली येतो. इथं ती मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला पोचली, कारण तिथले बॅक्टेरिया न पचलेला चोथा आंबवून आम्ल तयार करतात. लहान आतड्याला अडीच ते सहा तास लागतात. मोठ्या आतड्यात मात्र ती दोन-दोन दिवस राहू शकते, ५९ तासांपर्यंत ठीक, आणि सगळा प्रवास मिळून ७३. शेवटी टेंपरेचर खटकन् उतरतं, आणि वहीत बघितलं तर पेशंटनं नेमकं त्याच वेळेला संडासला गेलो असं लिहिलेलं असतं. ट्रेनिंगच्या काळात असे ग्राफ वाचायला मिळाले तेव्हा मी त्याच्यावरनं हलायचो नाही, एकाच रेघेवर जठर, लहान आतडं, मोठं आतडं तिन्हीचा हिशोब, आणि रेडिएशन शून्य.

एक बारीक गोष्ट यात फार महत्त्वाची आहे. कॅप्सूल गिळायच्या आधी ठरलेल्या मापाचं खाणं देतात, त्या कंपनीचा २६० कॅलरीचा एक बार असायचा, आणि नंतर सहा तास काही खायचं नाही. चहा-बिस्किट पण नाही. लोकांना वाटतं उगाच कडक नियम. पण जठराचं काम बघा कसं चालतं: जेवण असताना ते अन्न दळून अगदी बारीक, दोन मिलिमीटरच्या आतबाहेर करून थोडं थोडं पुढं सोडतं, मोठी वस्तू सोडत नाही. सगळं जेवण उरकलं की मग एक जोरदार लाट येते आणि जे मोठं, न पचणारं राहिलंय ते झाडून पुढं ढकलते, आपल्या मंडईत बाजार उठल्यावर झाडूवाले येतात ना तसं. कॅप्सूल बहुतेक करून त्या लाटेबरोबर बाहेर पडते. मधेच तुम्ही दोन बिस्किटं खाल्ली की जठर परत जेवणाच्या मोडमध्ये जातं, लाट पुढं ढकलली जाते आणि जठर मंद नसताना रिपोर्ट मंद येतो. ज्या घरात दर दोन तासाला 'काहीतरी खाऊन घे गं' चालतं तिथं ही टेस्ट हमखास बिघडते. (शुगरच्या पेशंटला सहा तास उपाशी ठेवायचं म्हणजे इन्सुलिनचा डोस आधी डॉक्टरांशी बोलून ठरवायला लागतो, ते वेगळंच.)

गोळ्यांचं पण तसंच. पॅन्टोप्राझोलसारखी पित्ताची गोळी चालू असेल तर ॲसिडच कमी, मग ती पीएचची उभी उडी दिसणार कशी? म्हणून ती सात दिवस आधी बंद. पोट हलवणाऱ्या गोळ्या आणि मंद करणाऱ्या गोळ्या दोन्ही काही दिवस आधी बंद. आणि टेस्टच्या दिवशी शुगर २७५ च्या वर असेल तर टेस्ट पुढं ढकलायची, कारण वाढलेली शुगर स्वतःच जठराला मंद करते, मग तुम्ही मोजताय काय, जठर का त्या दिवसाची शुगर?

आता तिच्या मर्यादा. एक, सेन्सर एकाच ठिकाणी आहे, तो जिथं असेल तिथला दाब सांगतो, आतड्याची लाट वरनं खाली नीट सरकतीय का ते त्यातनं कळत नाही. दोन, गॅमा कॅमेऱ्याच्या स्कॅनशी (जेवण जठरातनं किती वेळात पुढं जातं ते बघणारा, त्याबद्दल पुढं सांगतो) तुलना केलेला जो अभ्यास २००८ मध्ये आला त्यात पाच तासांची रेषा धरली तर मंद जठराचे शंभरातले ६५ पेशंट सापडले आणि नॉर्मल लोकांतले ८७ बरोबर नॉर्मल निघाले. चांगलं आहे, पण डोळे मिटून विश्वास ठेवावा असं नाही. तीन, ५९ तास हा आकडा आपल्या लोकांचा नव्हे. आपलं जेवण चोथ्याचं, आपली आतडी पाश्चात्त्यांपेक्षा वेगानं हलतात, त्यामुळं त्यांच्या नॉर्मलमध्ये बसणारा माणूस आपल्या हिशोबानं मंद असू शकतो. आणि चौथी गोष्ट सगळ्यात मोठी, स्मार्टपिल आता बनतच नाही. ती कंपनी आधी गिव्हन इमेजिंगनं घेतली, मग फिरत फिरत मेडट्रॉनिककडं गेली आणि त्यांनी २०२३ च्या सुमाराला ती बंद केली. मला याचं मनापासनं वाईट वाटतं, कारण तिन्ही भाग एका दमात मोजणारं दुसरं सोपं साधन आपल्याकडं रोजच्या वापरात नाही. काम थांबलेलं नाही, मेलबर्नमध्ये कलंतर-झादे यांच्या टीमनं गॅस मोजणारी कॅप्सूल केली, हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन. जठरात गिळलेल्या हवेमुळं ऑक्सिजन असतो, मोठ्या आतड्यात जवळजवळ नसतोच आणि आंबवण्यामुळं हायड्रोजन वाढतो, त्यावरनं ती कुठं आहे ते कळतं आणि कुठलं अन्न किती आंबतंय ते पण. माणसांवरचा त्यांचा पेपर २०१८ चा. पण उद्या सकाळी उठून दसरा चौकात जाऊन करून यावी अशी ती गोष्ट नाही, त्यामुळं आईंसाठी आत्ता हाताशी काय आहे ते बघू.

तर मूळ प्रश्न, पोट नेमकं कुठं अडतंय. हा प्रश्न मात्र तुम्ही एकदम बरोबर विचारलाय, आणि तो का महत्त्वाचा ते ऐका. आईंना आत्ता सगळे काय सांगत असतील? चोथा खा, कोशिंबीर खा, इसबगोल घ्या. मोठं आतडं मंद असेल तर थोडाफार उपयोग आहे. पण जठर मंद असेल तर हाच चोथा जठरात साठून पोट अजून गच्च होणार, त्या लोकांना आम्ही उलट कमी चोथ्याचं, कमी तेलाचं, थोडं थोडं पाच-सहा वेळा, पातळ-मऊ खायला सांगतो. आणि अडचण शेवटी, दाराशी म्हणजे गुदद्वाराशी असेल तर दोन्हीचा उपयोग नाही, वरनं कितीही ढकला, दार उघडत नसेल तर माल पुढं जाणार कसा. तीन जागा, तीन उलटसुलट इलाज. त्यामुळं जागा न बघता सगळे इलाज एकदम चालू केले की पेशंट हैराण होतो आणि घरचे म्हणतात, हिच्या मनाचंच आहे सगळं.

म्हणून माझा क्रम शेवटाकडनं सुरू होतो. कुंथून कुंथून होतंय म्हटल्यावर पहिल्यांदा दार तपासायचं. फुग्याची टेस्ट म्हणतात, बलून एक्सपल्शन. गुदद्वारातनं एक मऊ फुगा आत ठेवतात, त्यात ५० मिली कोमट पाणी भरतात आणि पेशंटला पडद्याआड कमोडवर बसवून तो बाहेर टाकायला सांगतात, हातात घड्याळ. नीट काम करणाऱ्या माणसाला मिनिटभर लागतं. ज्यांना दोन-तीन मिनिटांत पण जमत नाही त्यांच्यात बऱ्याचदा असं असतं की जोर लावताना जे स्नायू सैल पडायला पाहिजेत तेच आवळले जातात. बाई घामाघूम होतीय, पोट पुढं येतंय, चेहरा लाल, आणि बोटानं तपासलं तर खालचा स्नायू दगडासारखा घट्ट. याच्या जोडीला मॅनोमेट्री केली की आतला दाब आणि दाराचा दाब दोन्ही स्क्रीनवर समोरासमोर दिसतात. आणि याला इलाज आहे, तोही गोळीचा नाही, बायोफीडबॅक. स्क्रीनवर स्वतःचा स्नायू बघत बघत सैल सोडायला शिकायचं, काही आठवडे. अशा पेशंटमध्ये ते पोट साफ करणाऱ्या औषधापेक्षा सरस ठरलंय. वर्षानुवर्षं एरंडेल, चूर्ण, पावडरी खाऊन थकलेल्या बायका जेव्हा पहिल्यांदा स्क्रीनवर बघतात की अरे हे खरंच काहीतरी चुकतंय, मनाचं नाही, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं त्यासाठी मी ही टेस्ट आवर्जून करतो. आईंना मुलासमोर हे बोलायला संकोच वाटणार, म्हणून बहिणीला किंवा मावशीला बरोबर पाठवा आणि टेस्टच्या वेळी बाई असिस्टंट असेल का ते आधी विचारून घ्या, मागायला लाजू नका.

दार ठीक निघालं तर मोठ्या आतड्याचा वेग. यासाठी एक्स-रेत दिसणाऱ्या बारीक रिंगा भरलेल्या कॅप्सूल मिळतात. लखनौच्या एसजीपीजीआय या मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये आपल्या लोकांच्या वेगाला धरून पद्धत बसवली गेलीय, शून्य, १२ आणि २४ तासाला वीस-वीस रिंगा गिळायच्या आणि ३६ व ६० तासाला पोटाचा एक्स-रे, किती रिंगा उरल्या आणि कुठं उरल्या ते मोजायचं. एक्स-रे तर गडहिंग्लजला पण निघतो. एक लक्षात ठेवा, दार बंद असेल तर मागचं आतडं पण मंद दिसतं, म्हणून दार आधी.

आणि दोन घासांत पोट भरण्यासाठी जठराचा स्कॅन, न्यूक्लिअर मेडिसिनवाले करतात. जेवणात किंचित टेक्नेशियम, म्हणजे एक किरणोत्सर्गी पदार्थ मिसळतात आणि गॅमा कॅमेऱ्यानं शून्य, एक, दोन, चार तासाला बघतात, चार तासांनी दहा टक्क्यांपेक्षा जास्त उरलं तर मंद. बाहेरच्या देशात अंड्याचा पांढरा भाग आणि ब्रेड देतात, आपल्याकडं काही सेंटर इडली देतात, चालेल, फक्त त्या जेवणाचे त्यांचे स्वतःचे नॉर्मल आकडे आहेत का ते विचारा. आणि घट्ट जेवण देऊन पूर्ण चार तास करताय का हे फोनवरच विचारून घ्या. दोन तासांत आटोपलेला स्कॅन किंवा नुसतं पाणी पाजून केलेला स्कॅन तुमच्या उपयोगाचा नाही, त्यात मंद जठर सुटून जातं.

यातलं काहीही करायच्या आधी मात्र गोळ्या तपासा. हे मी दादा हात जोडून सांगतो कारण निम्मं उत्तर इथंच सापडतं. शुगर आणि वजनासाठी सेमाग्लुटाइड, डुलाग्लुटाइड, लिराग्लुटाइड यातलं काही चालू केलंय का? ती जठर मंद करतातच, दोन घासांत पोट भरणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. गुडघ्यासाठी ट्रॅमाडॉल? झोपेसाठी ॲमिट्रिप्टिलिन? लोहाची, कॅल्शियमची गोळी? बीपीची व्हेरापामिल? सगळी पोट धरतात. थायरॉइड आणि कॅल्शियम रक्तात तपासलं नसेल तर तपासा. आणि अजून एक, पित्ताच्या गोळीबरोबर लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं बऱ्याचदा. पोटाला बरं वाटतं म्हणून लोक ती मेडिकलमधनं वर्षानुवर्षं परस्पर आणून खातात आणि मग हात थरथरायला लागतो, चाल मंदावते, चेहरा कोरा पडतो, घरच्यांना वाटतं पार्किन्सन झाला. वयस्कर माणसाला ती महिनोन् महिने देऊ नये. डॉम्पेरिडॉन चालू असेल तर एकदा ईसीजी बघून घ्या. कुठलीच गोळी स्वतःच्या मनानं एकदम तोडू नका, पण यादी डॉक्टरांपुढं ठेवा.

पुढं कधी कॅप्सूल करायची वेळ आलीच, कॅमेऱ्याची असो वा सेन्सरची, तर आतडं कुठं अरुंद झालेलं नाही ना याची खात्री आधी पाहिजे. आपल्याकडं पोटाचा टीबी भरपूर, त्यात आतडं चिंचोळं होतं आणि कॅप्सूल तिथं अडकली तर वेळेला ऑपरेशन लागतं. संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, पोटात मुरडा येऊन गुडगुडणं, आधी पोटाचं ऑपरेशन झालेलं असणं, यातलं काही असेल तर आधी सीटी. गिळायला त्रास असेल, पेसमेकर असेल तर तेही आधी सांगायचं, आणि कॅप्सूल बाहेर पडली हे पक्कं होईपर्यंत एमआरआयच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. आईंना संडासवाटे रक्त, हिमोग्लोबिन खाली, रात्री उलटी होऊन जुनं अन्न पडणं असलं काही सुरू झालं तर हा सगळा क्रम बाजूला ठेवून लगेच दाखवा.

तोवर घरी करण्यासारखं: रात्रीचं जेवण आठच्या आत आणि हलकं, तांबडा-पांढरा आवडत असला तरी वरचा कट काढून, कारण तेल-चरबीनं जठर अजून मंदावतं. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, अंगणात वीस मिनिटं फेऱ्या. कमोड वापरत असतील तर पायाखाली छोटं स्टूल. सकाळी चहानंतर दहा मिनिटं बसायचं, त्याहून जास्त कुंथत बसायचं नाही. इसबगोल आठवडाभर थांबवून बघा पोट गच्च व्हायचं कमी होतंय का, आणि काय झालं ते तारखेसकट वहीत लिहून ठेवा, शुगरचे आकडे पण शेजारीच लिहा. डॉक्टरांकडं जाताना ती वही न्या आणि गोळ्यांची नावं सांगत बसण्यापेक्षा सगळ्या पट्ट्याच पिशवीत टाकून न्या, कापलेल्या नकोत, मागं घटक छापलेले असतात तो भाग शाबूत असलेल्या.